दावेसाहेबांचा बागकामाचा कोयता

दावेसाहेबांना कोयता हवा होता. चांगला हातभर लांब, जाड पाठीचा, जंगलात अडकलेल्या माणसाला वाट काढता येईल असा. आता ज्या माणसाने घरी कलिंगड कापायला घेतलं की बायको आधी मलमपट्टीचा डबा काढून ठेवते, त्याला असली वस्तू कशाला लागते, हे विचारायचा हक्क जगाला आहेच. जगाने तो पुरेपूर बजावला. "आपत्कालीन पिशवीसाठी," असं दावेसाहेब प्रत्येकाला सांगत, आणि प्रत्येक जण "असं का?" म्हणत हळूच एक पाऊल मागे सरकत असे.

दावेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीच्या दावे विभागात उमेदीची सगळी वर्षं गेल्यामुळे इमारतीत त्यांना ते चिकटलं होतं. जळालेली गोदामं, बुडालेल्या मोटारी, शिडीवरून घसरलेले रंगारी असं सगळं रोज त्यांच्या टेबलावर येई. इतरांना संकटं वर्तमानपत्रातून कळतात, दावेसाहेबांना ती सहीशिक्क्यानिशी दोन प्रतींत मिळत. त्यामुळे माणसाचं काय काय होऊ शकतं याविषयी त्यांचं ज्ञान दांडगं होतं आणि झोप कमी होती.

अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीने जंगलातली झाडं मोजण्याची नोकरी धरावी, हा केवळ नशिबाचा खेळ. चिमीला वर्षभरासाठी जिथे पाठवत होते तिथे म्हणे फोन लावायचा तर टेकडी चढावी लागे. बातमी कळली तेव्हा दावेसाहेबांनी तिचं तोंडभरून अभिनंदन केलं आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बराच वेळ नुसते उभे राहिले. त्यानंतर काही दिवस ते येता-जाता, जेवताना, बूट घालताना, एकच गोष्ट निरनिराळ्या प्रकारे म्हणत होते. जायलाच हवं का? दुसरं कोणी जाणार नाही का? इथे शहरात काय झाडं नाहीत? आई आणि मुलगी नुसत्या एकमेकींकडे बघायच्या. शेवटी चिमीच म्हणाली, "बाबा, माझी आपत्कालीन पिशवी तुम्ही भराल का? तुमच्याएवढं त्यातलं कोणाला कळतंय?"

झालं. दावेसाहेबांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. विजेरी, शिट्टी, दोर, मेणात बुडवलेल्या काड्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, जखमा बांधायच्या पट्ट्या, सगळं पिशवीत गेलं. राहिला होता तो फक्त कोयता, आणि घोडं नेमकं तिथेच अडलं.

अवजारांच्या दुकानात कोयत्यांची एक अख्खी भिंत होती. "काय कापायचंय?" दुकानदाराने विचारलं.

"ते अजून ठरलेलं नाही," दावेसाहेब म्हणाले. "परिस्थितीवर अवलंबून आहे."

दुकानदाराने त्यांच्याकडे नीट पाहिलं, गळ्यातला चष्मा, शर्टाच्या खिशातली पेनं वगैरे, आणि जरा निर्धास्त झाला. मग त्याने समजावून सांगितलं. लांब आणि पातळ पातं झुडपात सपासप चालतं, पण लाकडावर आपटलं की उसळतं. आखूड आणि जाड पातं लाकूड फोडतं, पण मनगट भरून येतं. न गंजणाऱ्या पोलादाची धार लवकर जाते. साध्या पोलादाला धार छान राहते, पण एक पावसाळी दिवस विसरलात तर गंज चढलाच म्हणून समजा. दावेसाहेबांनी हे सगळं मान हलवत ऐकलं. घरी विचारून सांगतो, असं म्हणाले आणि खरोखरच विचारायला गेले. ही त्यांची पहिली चूक.

पहिला सल्ला मेहुण्याचा. मेहुण्याला जगातल्या प्रत्येक विषयात गती होती. पोटापाण्यापुरती मात्र एकाही विषयात नव्हती. त्याने स्वतःजवळचा एक सुरा आणून टेबलावर आपटला. त्याला मागे करवतीसारखे दात होते, मूठ पोकळ होती, मुठीत मासे धरायचे गळ होते आणि टोपणात चक्क होकायंत्र होतं. "एकात सगळं!" मेहुणा म्हणाला. दावेसाहेबांनी होकायंत्र हातात धरून खोलीत चार चकरा मारल्या. सुई प्रामाणिकपणे पात्याकडेच बोट दाखवत होती. हा सुरा घेऊन निघालेला माणूस आयुष्यभर सुऱ्याच्याच दिशेने चालत राहील, हे त्यांनी मेहुण्याला पटवून द्यायचा प्रयत्न केला. तेव्हा मेहुण्याने तोच सुरा टेबलावर रोवून दाखवला आणि पातं मुठीतून निघून आलं. टेबलाला पडलेलं भोक अजून आहे, त्यावर आता फुलदाणी असते.

दुसरा सल्ला तळमजल्यावरच्या कर्नलांचा. हे गृहस्थ कर्नल नव्हते. लष्कराच्या कोठारात त्यांनी हयातभर मोजे आणि ब्लँकेटं वाटली होती. पण आवाज कर्नलाचा होता, शिवाय इमारतीचे सेक्रेटरी तेच, त्यामुळे हुद्द्याबद्दल कोणी हुज्जत घालत नसे.

"पातं लांबच हवं," कर्नल म्हणाले. "शत्रू जवळ येता कामा नये."

"अहो, शत्रू कुठला? झुडपं आहेत."

"आणि झुडपांच्या मागे कोण असतं?"

त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात झुडपांच्या मागे कोणीतरी कायमचं येऊन बसलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुकानातला सगळ्यात लांब आणि पातळ कोयता घेतला.

"बघ, कसा लवलवतोय," ते बायकोला म्हणाले.

"अहो, तो पिशवीत बसेल का?" बायकोने विचारलं. बायकांचे प्रश्न असेच असतात, साधे आणि उशिरा आठवणारे.

पण पारखल्याशिवाय वस्तू मुलीच्या हाती द्यायची नाही, हे दावेसाहेबांनी पक्कं केलं होतं. इमारतीमागच्या अंगणात एका झाडाची वाळकी फांदी खाली आली होती. सगळे कामावर गेले आहेत असं बघून ते तिथे गेले, पाय रोवले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पूर्ण ताकदीनिशी कशावर तरी वार केला. फांदीला काही झालं नाही. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे पातं उसळलं, हातातून सुटलं आणि अंगणभर ताणलेल्या कपडे वाळत घालायच्या दोरीतून आरपार गेलं. इमारतीतल्या यच्चयावत कुटुंबांचं धुणं एका क्षणात चिखलात आलं. सगळ्यात वर, हातपाय पसरून, कर्नलांचा पायजमा होता.

सगळे कामावर गेले आहेत हा दावेसाहेबांचा अंदाजही चुकला होता. प्रत्येक खिडकीत एक तोंड होतं.

त्यांनी सगळं धुणं स्वतः पुन्हा धुतलं, नवी दोरी बांधली आणि कोयता दुकानातून बदलून आणला. या खेपेला मात्र कोणालाही न विचारता मधल्या लांबीचा, भरदार पाठीचा, पातं मुठीच्या पार शेवटापर्यंत गेलेला, साध्या पोलादाचा कोयता घेतला. हातात धरला आणि त्यांना वाटलं, हाच. चिमीच्या हाताला पेलेल, पिशवीच्या बाजूला बसेल, वेळ आली तर दगाही देणार नाही. त्या दिवशी ते जेवले सुद्धा बऱ्यापैकी. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती.

पण कर्नलांचा पायजमा अजून पुरता वाळला नव्हता. "दावेसाहेब," ते जिन्यात अडवून म्हणाले, "एवढं मोठं हत्यार घरात ठेवलंत, पोलिसांना कळवलंत का?"

दुसरा कोणी असता तर हसून वर निघून गेला असता. अवजारांच्या दुकानातून कोयता घेणारी माणसं काय थोडी आहेत? त्यांतलं कोण पोलिसांना कळवायला जातं? पण दावेसाहेबांचा सगळा जन्म एका तत्त्वावर गेला होता: आधी कळवलं की पुढे कटकट नाही. ज्यांनी आधी कळवलं नाही त्यांचे दावे त्यांनी स्वतःच्या हाताने नामंजूर केले होते. ते घरात गेले, कोयता स्वच्छ टॉवेलात गुंडाळला, पावती घेतली आणि आपण होऊन पोलीस ठाण्यात दाखल झाले.

"काय झालं?" टेबलावरच्या अंमलदारांनी मान वर न करता विचारलं.

"काही झालेलं नाही. म्हणूनच आलोय," दावेसाहेब म्हणाले आणि त्यांनी टॉवेल उलगडला.

अंमलदार खुर्चीसकट मागे गेले. कोपऱ्यात डबा खात बसलेला हवालदार उठून दारात उभा राहिला.

"कोणाला मारलंत?"

"कोणालाच नाही."

"मग मारणार आहात?"

"छे हो! आपत्ती आली तरच वापरायचाय."

"आपत्ती म्हणजे कोण?"

दावेसाहेबांनी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. पिशवी, जंगल, पोलादाचे प्रकार, होकायंत्र. अंमलदार ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा हळूहळू डोकं दुखणाऱ्या माणसाचा झाला.

"अहो काका," ते म्हणाले, "आमच्याकडे वस्तू येते ती जप्त केलेली येते, नाहीतर चोरीची, नाहीतर सापडलेली. नुसती दाखवायला आणलेली, असा रकानाच नाही."

"मग घेऊन जातो परत."

"आता कसे नेता? मी पाहिलाय ना!"

बराच खल झाला. जप्त म्हणावं तर गुन्हा हवा, चोरीची म्हणावं तर चोर हवा. शेवटी सगळ्यांत निरुपद्रवी म्हणून कोयता 'सापडलेली वस्तू' ठरला आणि पुढे लिहिलं गेलं, 'मालकाचा शोध चालू आहे.'

"मालक मीच आहे," दावेसाहेब म्हणाले.

"ते सिद्ध करा."

दावेसाहेबांनी विजयी मुद्रेने पावती पुढे केली. आयुष्यभर पावत्या जपल्याचं आज सार्थक झालं असं त्यांना वाटलं. अंमलदारांनी वाचली. "यात 'बागकामाचं साहित्य' लिहिलंय. बाग कुठे आहे तुमची?"

"बाग... म्हणजे बाल्कनीत."

"चौकशी करावी लागेल," अंमलदार म्हणाले आणि कोयता आतल्या कपाटात गेला.

चौकशीला तोच हवालदार आला. इमारतीत गणवेश शिरला की बातमी जिन्याच्याही आधी वर पोचते. हवालदार दारात उभा राहीपर्यंत मजल्यामजल्यावर लोक कठड्याला रेलून उभे होते आणि कोणालाच काही काम नव्हतं. दावेसाहेबांनी त्याला बाल्कनीत नेलं. बागेत एक कुंडी होती. कुंडीत एक कोरफड होती, तीही पिवळी पडलेली.

"एवढ्याशा कोरफडीला एवढा मोठा कोयता?" हवालदाराने विचारलं.

"फार वाढते," दावेसाहेबांची बायको शांतपणे म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात दावेसाहेबांना तिच्याविषयी एवढा आदर क्वचितच वाटला होता.

खाली हवालदाराने कर्नलांना गाठलं. "माणूस कसा आहे?"

"सज्जन," कर्नल खणखणीत आवाजात म्हणाले, म्हणजे गच्चीपर्यंत ऐकू गेलं. "अत्यंत सज्जन. हल्ली मात्र पात्याच्या लांबीबद्दलच बोलतो. आणि एकदा सगळ्या इमारतीची दोरी कापली. पण मुद्दाम नव्हे, असं आम्ही धरून चाललोय."

हवालदाराने तेही लिहून घेतलं. त्यानंतर लिफ्टमध्ये दावेसाहेब शिरले की आतली माणसं आपल्या मुलांना जवळ ओढून घेऊ लागली. ज्या माणसाने कधी रांग मोडली नाही, कोणाची उसनी छत्री सुद्धा जास्त दिवस ठेवली नाही, त्याच्यावर ही पाळी आली. दावेसाहेबांना ते फार लागलं. पण त्याहून जास्त लागत होतं ते दुसरंच. दिवस भराभर चालले होते, पिशवीच्या बाजूचा पट्टा रिकामा लोंबत होता, आणि ठाण्यात रोज 'उद्या या' एवढंच ऐकायला मिळत होतं. चिमी मात्र मजेत होती. "मिळेल हो बाबा," असं म्हणून ती बुटांना तेल लावत बसे.

उद्या उद्या करता निघायची सकाळ उजाडली. दावेसाहेब ठाणं उघडल्या उघडल्या, म्हणजे ते कधी बंदच नसतं, पण अंमलदार खुर्चीवर बसल्या बसल्या, जाऊन हजर झाले. अंमलदार नुकताच पहिला चहा घेत होते.

"काका, साहेबांची सही व्हायचीय अजून. उद्या..."

तेवढ्यात दावेसाहेबांचा फोन वाजला. बायको होती. "अहो, जीप आलीय. सामान चढवताहेत. कुठे आहात?"

दावेसाहेबांनी फोन खिशात ठेवला. त्यांना खरं म्हणजे नियमांवर बोट ठेवून बोलायचं होतं, नोंदीचा क्रमांक सांगायचा होता. पण तोंडातून वेगळंच बाहेर पडलं. "अहो, माझी मुलगी आत्ता चाललीय. जंगलात. मला फार भीती वाटते हो. तिला थांबवता येत नाही, तिच्याबरोबर जाता येत नाही. एवढी एकच गोष्ट मला करता येण्यासारखी होती. ती तुमच्या कपाटात आहे."

असं ते आजवर कोणापाशीही बोलले नव्हते, बायकोपाशी सुद्धा नाही. बोलून झाल्यावर त्यांना लाज वाटली. ते भिंतीवरच्या नकाशाकडे बघू लागले.

अंमलदारांनी चहाचा कप खाली ठेवला. उठले, कपाट उघडलं, कोयता काढला आणि नोंदीपुढे लिहिलं, 'मालक सापडला.' मग स्वतःच दचकून म्हणाले, "पण हे घेऊन रस्त्यातून पळू नका हां काका! लोक आम्हालाच फोन करतील. हवालदार, गाडी काढा."

अशा रीतीने दावेसाहेब पोलिसांच्या गाडीतून, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला कोयता घेऊन, शेजारी हवालदार बसवून, सगळ्या इमारतीच्या देखत फाटकात उतरले. कठडे पुन्हा भरले होते. कर्नल पुढे धावले. "घाबरू नका दावेसाहेब, मी जामीन राहतो!"

दावेसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते थेट जीपकडे गेले. चिमी मागच्या बाजूला सामान लावत होती. तिच्या वरिष्ठ, एक उंच, उन्हाने रापलेल्या बाई, गोणपाटाची एक वळकटी नीट बांधायला घेत होत्या. वळकटी सुटली आणि आतून कोयते खणखणत जीपच्या तळावर पसरले. भरदार पाठीचे, मधल्या लांबीचे, पातं मुठीच्या पार शेवटापर्यंत गेलेले. दावेसाहेबांच्या हातातल्या कोयत्याची जणू भावंडंच.

"हे... कोणाचे?" दावेसाहेबांनी विचारलं.

"खात्याचे," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाला एक मिळतो ना. चिमीने सांगितलं नाही? तिला नेमणुकीच्या पत्राबरोबरच कळवलं होतं."

दावेसाहेबांनी लेकीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. टेबलाचं भोक, इमारतीचं धुणं, पोलिसांचा रकाना, कोरफड, लिफ्टमधली ती मुलं, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. "अगं, मग मला बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार बाबा?" चिमी म्हणाली. "तुम्ही कोयता शोधायला लागलात आणि 'जाऊ नको' म्हणायचे थांबलात. अजून एकदा म्हणाला असतात ना, तर मी गेले नसते. मला पण भीती वाटतेच की."

मागे बायको पदराने डोळे टिपत होती, म्हणजे तिलाही सगळं ठाऊक होतं. दावेसाहेबांनी टॉवेल छातीशी धरला.

"म्हणजे आत्ता म्हणालो तर राहशील?"

"राहीन," चिमी म्हणाली आणि तिने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. जीपमधल्या बाईंनी उगाचच एक दोरी दुसऱ्यांदा बांधायला घेतली.

दावेसाहेबांच्या डोक्यात सगळे दावे एकदम उभे राहिले, सहीशिक्क्यानिशी, दोन-दोन प्रतींत. शब्द अगदी ओठांवर होता. त्यांनी टॉवेल उलगडला, कोयता काढला आणि तिच्या पिशवीच्या बाजूच्या पट्ट्यात नीट बसवला. बक्कल लावलं, ओढून पाहिलं.

"जा," ते म्हणाले. "सांभाळून जा."

जीप गेली. कर्नल काहीतरी विचारायला पुढे आले होते, पण दावेसाहेबांचा चेहरा बघून निमूटपणे बाजूला झाले. त्या दिवशी दावेसाहेब कचेरीत गेले नाहीत. फोन समोर ठेवून खुर्चीत बसले ते बसलेच. बायकोने ताट वाढलं, झाकून ठेवलं. दिवेलागणीला फोन वाजला तेव्हा तो त्यांच्या हातातून निसटून खाली पडला आणि तसाच वाजत राहिला. शेवटी बायकोने उचलून त्यांच्या कानाला लावला.

"बाबा, पोचले! टेकडीवरून बोलतेय," चिमीचा आवाज धापा टाकत आला. "आणि ऐका, तुमचा कोयता पहिल्याच दिवशी कामाला आला."

झुडपांच्या मागचा तो कोणीतरी उठून उभा राहिला. "काय झालं? लागलं का तुला? खरं सांग!"

"अहो, काही नाही हो! आईने दिलेल्या खाऊच्या डब्याचं झाकण निघेना. सगळ्यांनी हात लावून बघितला. मग तुमचा कोयता फटीत घातला आणि टचकन उघडलं. बाई म्हणाल्या, याची पाठ चांगली आहे. सगळ्यांनी खाल्लं. मी ठेवते आता, अंधार पडायच्या आत उतरायचंय. उद्या करते!"

फोन ठेवून दावेसाहेब कितीतरी वेळ हसले, आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसत राहिले. बायको घाबरून जवळ आली. "अहो, काय झालं? बरी आहे ना ती? सांगा ना!"

"बरी आहे," दावेसाहेब म्हणाले. "डबा उघडला. तू वाढ आता, मला भूक लागलीय."